नोंदणी आणि परवाना : मुंबईच्या उपनगरांतील केबल दूरचित्रवाणीचा वैधानिक इतिहास

१

एखाद्या व्यवसायास मान्यता देण्याचे दोन मार्ग शासनापुढे असतात. एक परवान्याचा आणि दुसरा नोंदणीचा. व्यवहारात या दोहोंतील भेद सहसा जाणवत नाही. दोन्हींत अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, शिक्क्याचा कागद मिळतो आणि मुदत संपली की तो कागद पुन्हा नवा करून घ्यावा लागतो. म्हणूनच बोलभाषेत दोहोंसाठी ‘लायसन’ हा एकच शब्द रूढ झाला आहे. तथापि या दोन शब्दांच्या पोटात राज्यसंस्थेविषयीच्या दोन भिन्न कल्पना दडलेल्या आहेत. परवाना हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि येताना आज्ञापत्राचा अर्थ घेऊन आला. ती गोष्ट करण्याचा मूळ अधिकार राज्याचा आहे, इतरांस तिची मनाई आहे आणि राज्य आपल्या अधिकारातील काही अंश अटी घालून एखाद्यास देत आहे, असे परवान्यात गृहीत धरलेले असते. नोंदणीचे गृहीत याच्या उलट आहे. गोष्ट आधीच अस्तित्वात आहे. राज्य फक्त ती वहीत उतरवून घेते. परवान्याने काही मिळते व काही बंधने येतात. नोंदणीने बंधने येतात, परंतु काही मिळतेच असे नाही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत ज्यांनी घरोघरी तारा नेऊन दूरचित्रवाणी पोहोचविली, त्या लहान केबलचालकांचा सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास या एका शब्दभेदाच्या आधारे अधिक स्पष्ट होतो. शासनाने १९९४ साली त्यांस परवाना दिला नाही; त्यांची नोंदणी केली, आणि ती दर वर्षी नवी करून घेण्यास सांगितले. या वार्षिक नूतनीकरणाने चालकाचे अस्तित्व मान्य झाले, पण त्याचा कोणताही हक्क निर्माण झाला नाही. जे या वहीत लिहिले गेले नाही, ते इतरांनी आपापल्या वह्यांत लिहून घेतले. आणि पुढील काळात चालकाचे भवितव्य त्या इतर वह्यांनीच ठरविले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

या प्रश्नाची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकात आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तार स्थापण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आणि इतरांस परवाने देण्याची मुभाही सरकारलाच दिली. ही पूर्णपणे परवान्याची भाषा होय. मराठीत ‘तार’ या एकाच शब्दाने धातूचा तंतू आणि त्यावरून आलेला संदेश अशा दोन्ही गोष्टींचा बोध होतो. कायद्यातील व्याख्याही पुढे तितकीच व्यापक होत गेली. १९६१ च्या दुरुस्तीनंतर खुणा, लेखन, प्रतिमा व ध्वनी यांचे तारेने वा विद्युत्-चुंबकीय लहरींनी प्रेषण किंवा ग्रहण करणारे कोणतेही साधन तिच्या कक्षेत आले. ही व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गल्लीतील केबल नव्हती हे उघड आहे. परंतु शब्दांनी तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.

बिनतारी ग्रहणाची वाटचालही याच दिशेने झाली. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. रेडिओ ऐकणाऱ्यास वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि त्या शुल्कातील मोठा वाटा कंपनीस मिळे. विनापरवाना ऐकणारे पुष्कळ निघाल्याने कंपनीचे उत्पन्न खुंटले व १९३० साली ती मोडीत निघाली. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय ग्रहणयंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला. तेव्हापासून रेडिओचा आणि पुढे दूरचित्रवाणी संचाचाही परवाना डाकघराच्या खिडकीवर मिळू लागला. दर वर्षी शुल्क भरून त्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घेणे हा पांढरपेशा कुटुंबांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास हे परवाने रद्द झाले. १९८५ मध्ये डाक व तार खात्याचे विभाजन होऊन डाक आणि दूरसंचार अशी दोन स्वतंत्र खाती झाली. तथापि प्रक्षेपणाशी संबंधित कागद डाकघरात करावयाचा, हा प्रशासनाचा संस्कार मात्र टिकून राहिला. पुढे केबलचालकांच्या नोंदणीसाठी डाकघराची निवड झाली, तिचे मूळ या संस्कारात शोधावे लागते.

३

उपनगरांतील केबल ही कायद्याच्या आधी आली. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० च्या दशकात व्हीसीआर आला. परंतु तो विकत घेणे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. एका खोलीत व्हीसीआर ठेवून तेथून इमारतीतील घरांत तारा सोडाव्यात व महिन्याला ठरावीक वर्गणी घेऊन चित्रपट दाखवावेत, ही युक्ती प्रथम शहरातील उंच इमारतींत आणि लवकरच उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्था व चाळींत रुजली. हा व्यवसाय करणारे बहुधा व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालविणारे किंवा विद्युत उपकरणांची दुरुस्ती करणारे स्थानिक तरुण असत. व्हीसीआर व पुढे डिशची उपकरणे ज्या खोलीत असत, तिला ‘कंट्रोल रूम’ असे भारदस्त नाव मिळाले आणि तिच्या मालकास ‘केबलवाला’ म्हणू लागले. दूधवाला, पेपरवाला या शब्दांच्या पंक्तीत बसणारा हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो. समाजाच्या दृष्टीने तो प्रक्षेपक नव्हता; महिन्याच्या महिन्याला दारात येऊन पैसे नेणारा सेवेकरी होता.

उपनगरांच्या भूगोलाने या व्यवसायाला त्याचे एकक दिले. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड हा भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. लोहमार्गाने प्रत्येक उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे केले होते. त्यात नाले, हमरस्ते, टेकड्या व वसाहतींच्या भिंती यांची भर पडे. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली तार या अडथळ्यांपाशी थांबे. जेथवर तार तेथवर ‘एरिया’, अशी व्यवसायाची अलिखित व्याख्या झाली. कोणत्याही शासकीय नकाशात हे एरिये नव्हते, परंतु प्रत्येक चालकास आपली व शेजाऱ्याची सीमा खांबागणिक ठाऊक असे.

राज्याच्या आधी या नव्या व्यवसायाचा विचार न्यायालयांना करावा लागला. चित्रपटांच्या स्वामित्वहक्कासंबंधीच्या गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली असा निर्णय दिला की, केबलद्वारा अनेक वर्गणीदारांच्या घरी दाखविलेला चित्रपट हा खाजगी पाहण्याचा प्रकार नसून लोकांपर्यंत केलेले प्रसारण होय. घराच्या चार भिंतींतील पाहणे हे तारेमुळे सार्वजनिक ठरते, हे तत्त्व येथे मान्य झाले. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहाद्वारे येऊ लागली. त्याच वर्षी स्टार वाहिन्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. व्हीसीआरच्या शेजारी डिश आली आणि वर्गणीदारांची संख्या झपाट्याने वाढली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या शिव केबल टी.व्ही. सिस्टिम विरुद्ध राजस्थान राज्य या निर्णयात राजस्थान उच्च न्यायालयाने डिश व केबलचे जाळे तार आणि बिनतारी अधिनियमांच्या व्याख्येत येते व त्यास परवान्याची आवश्यकता आहे, असे ठरविले. देशभरातील हजारो केबलचालक अशा रीतीने एका १८८५ सालच्या शब्दाच्या अर्थविस्तारामुळे विनापरवाना व्यवसाय करणारे ठरले.

४

शासनापुढे आता दोन पर्याय होते. तार अधिनियमाखाली प्रत्येक चालकास परवाना द्यावयाचा, म्हणजे त्याचे क्षेत्र, अटी, मुदत व हक्क निश्चित करावयाचे. किंवा जे आहे ते नोंदवून घ्यावयाचे. २९ सप्टेंबर १९९४ रोजी काढलेल्या वटहुकुमाने दुसरा पर्याय स्वीकारला. त्याची जागा घेणाऱ्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमास २५ मार्च १९९५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा प्रसिद्ध निर्णय दिला होता. त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. परंतु तो निर्णय आकाशातील लहरींविषयी होता. जमिनीवरील तारेचा प्रश्न स्वतंत्रच राहिला.

अधिनियमाच्या उद्देशपत्रिकेत दोन चिंता एकत्र व्यक्त झाल्या आहेत. केबलची जाळी देशभर अस्ताव्यस्त वाढली, ही एक. आणि परकीय वाहिन्यांमुळे सांस्कृतिक आक्रमण होत असल्याची भावना पसरली, ही दुसरी. पहिली चिंता व्यवसायाच्या रचनेची आहे, दुसरी आशयाची. अधिनियमाच्या कलमांत मात्र दुसरीचाच वरचष्मा दिसतो. कार्यक्रम-संहिता, जाहिरात-संहिता, दाखविलेल्या कार्यक्रमांची नोंदवही, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविण्याची सक्ती, उपकरणे जप्त करण्याचा अधिकार आणि शिक्षा यांसंबंधीच्या तरतुदी तपशीलवार आहेत. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नंतरच्या प्रत्येक अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास व पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अशी मूळ तरतूद होती. याउलट व्यवसायाच्या रचनेविषयी केवळ नोंदणीची तरतूद आढळते. आधीपासून काम करणाऱ्यांस नव्वद दिवसांची सवलत देऊन सर्वांनी नोंदणी करावी, एवढेच त्यात सांगितले आहे.

नोंदणीचा अधिकार नियमांनी मुख्य डाकपालांकडे सोपविला. चालकाचे कार्यालय ज्या प्रधान डाकघराच्या हद्दीत असेल तेथे विहित नमुन्यात अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे आणि बारा महिन्यांसाठी प्रमाणपत्र घ्यावयाचे. मुदत संपण्याच्या सुमारास पुन्हा तोच क्रम. हे शुल्क पुढील काळात वर्षाला पाचशे रुपये होते. डाकपालाने काय पाहावे हेही अधिनियमात स्पष्ट आहे : अर्जात आवश्यक ती माहिती दिली आहे अशी खात्री झाली म्हणजे नोंदणी करावी. अर्जदार सक्षम आहे काय, त्या गल्लीत दुसरा चालक आहे काय, लोकांस त्याची सेवा हवी आहे काय, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नव्हते. पत्रे, मनिऑर्डरी व बचत खाती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून याहून अधिक अपेक्षा करणेही योग्य झाले नसते.

५

या व्यवस्थेचे गुण नाकारता येत नाहीत. लहान माणसास नोंदणी परवडणारी होती. तीसाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजविण्याची गरज नव्हती. परिचित डाकघर, परिचित खिडकी, थोडके शुल्क. परवान्यांचे वाटप राजधानीतून झाले असते, तर दुरुस्तीच्या दुकानातून वर आलेला चालक त्या शर्यतीत टिकला असता काय, याबद्दल शंका वाटते. देशभरात सुमारे साठ हजार चालक असल्याचा अंदाज सरकारी अहवालांतून वारंवार दिला गेला. हा विस्तार नोंदणीच्या सुलभतेमुळेच शक्य झाला.

परंतु या सुलभतेची किंमतही चालकानेच मोजली. अधिनियमाने कोणासही अनन्य क्षेत्र दिले नाही. एकाच गल्लीसाठी दोघांनी, चौघांनी नोंदणी केली तरी ती तितकीच वैध होती. त्यामुळे ‘एरिया’ ही व्यवसायातील सर्वांत मौल्यवान गोष्ट कागदावर कोठेच नव्हती. ती विकली जाई, वाटून घेतली जाई, तिच्यावरून भांडणे होत, तारा तोडल्या जात. आणि त्या भांडणात डाकघराच्या प्रमाणपत्राचा उपयोग होत नसे. प्रमाणपत्र असलेला माणूस चालक आहे, एवढेच ते सांगू शके. तो कोठला चालक आहे, हे ते सांगू शकत नसे. जे कायद्याने लिहून दिले नाही ते संघटना, स्थानिक पुढारी आणि प्रसंगी दंडशक्ती यांनी ठरविले. मुंबईत केबलचालकांच्या संघटना राजकीय पक्षांच्या छायेखाली का वाढल्या, याचे एक उत्तर येथे सापडते.

दुसरी उणीव वर्गणीदारांच्या संख्येची. वार्षिक नूतनीकरणातून विश्वासार्ह आकडा हाती येत नव्हता. तो आकडा दोन अन्य पक्षांस हवा होता. पहिला पक्ष राज्य शासनाचा महसूल विभाग. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाखाली महाराष्ट्रात केबलच्या प्रत्येक जोडणीवर शुल्क आकारले जाई. त्याचे दर वस्तीच्या दर्जानुसार ठरत आणि महानगरपालिका क्षेत्रात ते सर्वांत अधिक, पुढील काळात दरमहा ४५ रुपये, होते. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आल्यापासून या भागातील वसुली त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे होती. डाकघरात चालक एक अर्जदार होता. जिल्हाधिकारी कार्यालयात तो करदाता होता, आणि या दोन वह्यांचा परस्परांशी मेळ घालण्याची कोणतीही यंत्रणा अधिनियमाने उभी केली नव्हती. हे शुल्क १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपुष्टात आले.

दुसरा पक्ष म्हणजे व्यवहारात एम.एस.ओ. या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे मोठे वितरक. १९९० च्या दशकाच्या मध्यास सिटी केबल, इन केबलनेट, हॅथवे यांसारख्या कंपन्या मुंबईत उतरल्या. त्या वाहिन्यांचे संकेत एका मोठ्या केंद्रात घेऊन लहान चालकांस पुरवू लागल्या. कंट्रोल रूमचा मालक हळूहळू दुसऱ्याच्या संकेतांचा वाहक झाला. सशुल्क वाहिन्यांचे पैसे जोडण्यांच्या संख्येवर द्यावे लागत. म्हणून चालकाने संख्या कमी सांगावी, वितरकाने ती वाढवून मागावी आणि शेवटी घासाघीस करून एक आकडा ठरावा, असा प्रघात पडला. या ‘ठरलेल्या’ आकड्याचा वस्तुस्थितीशी संबंध अल्पच असे. सर्वांस सोयीचे असे हे अज्ञान सुमारे दीड दशक टिकले.

६

अधिकार नसला तरी जबाबदारी मात्र नोंदणीकृत चालकावर पूर्णपणे होती. प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेवरून केबलवरील प्रौढांसाठीच्या चित्रपटांस २००५ साली प्रतिबंध झाला. त्यानंतर, २००६ च्या ऑगस्टमध्ये, मुंबई पोलिसांनी उपकरणे जप्त करण्याची कारवाई केली, तेव्हा शहरातील चित्रपट-वाहिन्या काही दिवस बंद राहिल्या. वाहिनीचा आशय परदेशात वा दूरच्या कार्यालयात ठरत असे. लहान चालकास त्यात बदल करण्याचे सामर्थ्य नव्हते. परंतु जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा पोलीस आयुक्त यांच्या हाताशी असलेला, ज्याची उपकरणे जप्त करता येतील असा मनुष्य तोच होता. नोंदणीच्या वहीने त्याचा पत्ता शासनास दिला होता; तिचा सर्वांत प्रत्यक्ष उपयोग असा झाला.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे जानेवारी २००४ मध्ये प्रसारण व केबल हे विषय आले. या प्राधिकरणाने २५ जुलै २००८ रोजी केबलसेवेच्या पुनर्रचनेविषयी शिफारशी केल्या. नोंदणीची प्रचलित पद्धत बदलून तिच्या जागी सर्वंकष परवाना-पद्धती आणावी, हे त्यांचे सूत्र होते. चौदा वर्षांपूर्वी टाळलेला प्रश्न अशा रीतीने पुन्हा उपस्थित झाला. शासनाने मात्र तो परवान्याच्या मार्गाने सोडविला नाही. यंत्राच्या मार्गाने सोडविला.

सशर्त ग्रहणाची, म्हणजे सेट टॉप बॉक्सची योजना २००२ च्या दुरुस्तीने आली होती. २००३ मध्ये ती चेन्नईत सुरू झाली आणि मुंबईत अधिसूचित भागापुरती २००६ च्या अखेरीस अंमलात आली. त्यानंतर २०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रक्षेपण सर्वत्र सक्तीचे केले. पहिल्या टप्प्यात मुंबई होती आणि तिची अंतिम मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ अशी ठरली. मुलुंडच्या नाक्यापलीकडील ठाण्यास दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंत अवधी मिळाला. पाच महिन्यांच्या या अंतराने पालिकेची हद्द ही तारेचीही हद्द ठरली.

अंकीय पद्धतीचा खरा परिणाम चित्राच्या स्पष्टतेपुरता नव्हता. प्रत्येक पेटीस क्रमांक होता, प्रत्येक क्रमांकामागे ग्राहकाचे नाव होते आणि ही सर्व यादी वितरकाच्या संगणकात होती. डाकघराच्या अठरा वर्षांच्या नोंदणीतून जी माहिती हाती आली नाही, ती काही महिन्यांत एका खाजगी नोंदवहीत जमा झाली. ज्याने पंचवीस वर्षे दारोदारी फिरून ग्राहक जोडले, त्याचे ग्राहक कायद्याच्या भाषेत आता कोणाचे, असा प्रश्न निर्माण झाला. वितरक व चालक यांच्यातील नमुना-करारात परस्परसंमती न झाल्यास जाळ्याच्या मूलभूत शुल्काची वाटणी ५५ व ४५ टक्के अशी असावी, आणि लहान हिस्सा चालकाचा, असे २०१७ च्या विनियमांत आले. २०१९ च्या प्रारंभी ही दररचना प्रत्यक्षात लागू झाली, तेव्हा शंभर वाहिन्यांसाठीचे ते शुल्क कमाल १३० रुपये होते. चालकाचा वाटा असा करारातून आला. नोंदणीने तो कधीच दिला नव्हता.

७

दोन स्तरांतील विषमता मुदतीच्या बाबतीत विशेष उठून दिसते. २०१२ पासून मोठ्या वितरकांची नोंदणी डाकघराऐवजी माहिती व प्रसारण मंत्रालयात होऊ लागली. परंतु तिची मुदत किती व नूतनीकरण कसे, हे नियमांत नमूद नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती उणीव दूर होऊन दहा वर्षांची मुदत व एक लाख रुपये प्रक्रियाशुल्क ठरले. म्हणजे मोठ्या वितरकाच्या नूतनीकरणाची रीत नियमांत लिहिली जाण्यापूर्वी लहान चालक जवळजवळ तीस वर्षे दर वर्षी नूतनीकरण करीत आला होता. दरम्यान २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने कारावासाची तरतूद काढून तिच्या जागी समज, ताकीद, निर्भर्त्सना व आर्थिक शास्ती आणल्या. हा बदल लहान चालकास निश्चितच दिलासा देणारा होता.

१७ जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीने डाकघराचे पर्व संपले. आता नोंदणी व नूतनीकरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते. आधार, पॅन इत्यादींची पडताळणी होताच प्रमाणपत्र मिळते, मुदत पाच वर्षांची आणि प्रक्रियाशुल्क पाच हजार रुपये आहे. मुदत संपण्याच्या किमान नव्वद दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. ही नोंदणी संपूर्ण देशात वैध आहे. पूर्वीच्या दराने पाच वर्षांचे शुल्क अडीच हजार रुपये होत असे. आताचे दुप्पट आहे, परंतु चार हेलपाटे वाचतात आणि खिडकीवरील विलंब टळतो. प्रशासकीय दृष्ट्या ही सुधारणाच होय.

तथापि तिचा आशय नीट पाहिला पाहिजे. जुन्या नोंदणीस निदान एका डाकघराची हद्द होती. नव्या नोंदणीने तीही काढून घेतली. कुर्ला व मुलुंड यांमधील चार गल्ल्यांत तार असलेल्या चालकास देशभर व्यवसाय करण्याची मुभा मिळाली आहे. या मुभेचा उपयोग ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांनाच होणार. त्याच्या चार गल्ल्यांवर त्याचा काही अधिकार आहे काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर पूर्वीइतकेच मोकळे राहिले. हा बदलही अशा वेळी आला की, थेट घरी येणारी उपग्रहसेवा, प्रकाशतंतूवरून येणारे इंटरनेट व भ्रमणध्वनीवरील चित्रफिती यांनी केबलचे ग्राहक कमी केले आहेत. अनेक चालक त्याच गच्च्यांवरून आता इंटरनेटची तार नेत आहेत. जोवर मालमत्ता वाढत होती तोवर तिची नोंद नसणे खपून गेले. ती घटू लागल्यावर नोंद नसणे म्हणजे भरपाई नसणे, असा त्याचा अर्थ होतो.

१८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ साली दूरसंचार अधिनियम संमत झाला आणि त्यात परवाना या जुन्या शब्दाऐवजी प्राधिकृत करणे या अर्थाचा शब्द योजला गेला. १९९५ च्या केबल अधिनियमाची जागा घेणाऱ्या विधेयकाचा मसुदाही नोव्हेंबर २०२३ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला. शब्द बदलत आहेत. परंतु केवळ शब्दांतराने संबंध बदलत नसतात, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. ज्या नूतनीकरणातून केवळ अर्जदाराचे नाव, पत्ता व शुल्क एवढेच पाहिले जाते, त्याची मुदत एक वर्षाची असो वा पाच वर्षांची, ते हजेरीपटावरील सहीसारखेच राहते. चालकाने उभारलेली तार, त्याने जोडलेली घरे आणि त्याचे कार्यक्षेत्र यांची नोंद त्याच्या प्रमाणपत्रात व्हावी, आणि वितरकाशी वाद झाल्यास ती नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरली जावी, एवढी तरतूद झाली तरी नोंदणी या शब्दास त्याचा पूर्ण अर्थ प्राप्त होईल. तोवर उपनगरांतील केबलवाल्याजवळ शासनाचा शिक्का असलेला कागद राहील. परंतु त्या कागदावर त्याची गल्ली नसेल.